टेन्साइल पास, तरी बोल्ट तुटला: टेस्टिंग लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

लोटे, महाड, रोहा, तळोजा. केमिकलचे कारखाने, समुद्राची खारी हवा आणि वर चार महिने पाऊस. त्यामुळे धातूचे तुटके तुकडे घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांची कोकणात वानवा नाही. मेकॅनिकल किंवा मेटलर्जी करून या कामात येत असाल, तर पोलादात शिरून त्याला ठिसूळ करणाऱ्या हायड्रोजनची ओळख लवकर करून घ्या.

नेहमीची केस अशी. शनिवारी आवळलेला 12.9 ग्रेडचा (म्हणजे खूप कडक, जास्त ताकदीचा) बोल्ट, सोमवारी बघावं तर डोकं तुटून खाली पडलेलं. मधे कुणी हातसुद्धा लावलेला नाही. त्याच लॉटमधला दुसरा बोल्ट यूटीएमवर, म्हणजे नमुना ओढून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, ओढला (हीच टेन्साइल टेस्ट) तर 1200 एमपीएच्या (मेगापास्कल, ताण मोजायचं एकक) वर आरामात जातो, मग गिऱ्हाईक म्हणतं, "साहेब, मटेरियल तर ओके आहे!" मटेरियल ओके असतंच. झिंक प्लेटिंगच्या आधी आम्लात केलेलं पिकलिंग (गंज-खपली काढणं) आणि नंतरचं प्लेटिंग, या दोन्हींत हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात आणि जिथे ताण जास्त तिथे, म्हणजे आट्यांच्या मुळाशी किंवा डोक्याखाली, हळूहळू गोळा होतात. या गोळा होण्याला वेळ लागतो. यूटीएमची टेस्ट काही मिनिटांत संपते, तेवढ्यात हायड्रोजनला तिथे पोचायलाच मिळत नाही. 8.8 ग्रेडला हा त्रास सहसा होत नाही. पोलाद जितकं कडक, तितका धोका जास्त.

म्हणून नमुना आला की लगेच मशीनकडे धावू नका. प्लेटिंग किती वाजता संपलं आणि बोल्ट भट्टीत किती वाजता गेले, हे आधी विचारा. साधारण 190 ते 220 अंश सेल्सिअसला बेकिंग करून हायड्रोजन बाहेर काढतात आणि ते प्लेटिंगनंतर 4 तासांच्या आत सुरू व्हावं, असं प्रमाणकं सांगतात. 'रात्री लाइट नव्हती, सकाळी बेक केले' एवढ्या एका वाक्यात अर्धं उत्तर मिळून जातं.

टेस्ट करायची तर चिकाटी हवी. खाच असलेला नमुना त्याच्या तुटण्याच्या भाराच्या 75 टक्क्यांवर 200 तास टांगून ठेवायची एक पद्धत आहे. दुसरी अतिसंथ ताणण्याची. सेकंदाला दहा लाखांत एक भाग या वेगाने 25 मिमी गेज लेंग्थ (नमुन्याचा मोजायचा भाग) तासाला 0.09 मिमी वाढते. 20 टक्के लांबायला दोन दिवसांहून जास्त. साध्या यूटीएमला सहसा हे जमत नाही, वेगळं मशीन लागतं. यूपीएसची बॅटरी कधी बदलली तेही आधी विचारा, कारण आषाढात मधेच लाइट गेली की दोन दिवस पाण्यात. निकाल वाचताना नुसत्या ताकदीकडे बघू नका. हवेतला नमुना आणि हायड्रोजनमधला नमुना यांचा तुटताना आकसलेला व्यास ताडून बघा. फरक बहुधा तिथे सापडतो.

आता तुटलेला पृष्ठभाग. दोन तुकडे जुळवून बघायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. जुळवू नका! कडा घासल्या की खुणा गेल्या. बोटही लावू नका. पावसाळ्यात उघडा ठेवलात तर दुसऱ्या दिवशी तांबूस. सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये (हवाबंद, कोरड्या भांड्यात) ठेवा, आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं नाही ना, हेही बघा. हायड्रोजनने गेलेल्या कडक पोलादात बऱ्याचदा खडीसाखरेसारखे चकाकते दाणे दिसतात, कारण तडा पोलादाच्या स्फटिक-कणांच्या सीमांवरून जातो. ताणून तुटलेला पृष्ठभाग मंद, तंतुमय असतो. मात्र प्रत्येक तडा हायड्रोजनच्या नावावर घालू नका. 304 स्टेनलेसच्या गरम पाइपला क्लोराइडमुळे पडणारे फांद्याफांद्यांचे तडे हा वेगळा आजार आहे.

काही टेस्ट हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूत कराव्या लागतात; त्यांना एकट्याने थांबू नका. वरिष्ठ कितीही घाईत असोत, गॅस डिटेक्टरशिवाय आत जायचं नाही. सडक्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नसतं; जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो.

मुलाखतीला जाल तेव्हा एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता नेमकी कुठल्या टेस्टना आहे ते विचाराच. शिवाय तुटलेले नमुने रिपोर्टनंतर किती दिवस ठेवता, हेही विचारा. "लगेच भंगारात" असं उत्तर मिळालं, तर मी दुसरी लॅब बघेन.