एसक्यू ९०५ चिपचा जुना स्वस्त कॅमेरा कसा तपासावा
२००० नंतरच्या या बिनपडद्याच्या कॅमेऱ्यांत फोटो एसडीरॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, राहतात. सेल काढले की सगळे गेले. म्हणून सेलच्या खोबणीतल्या पट्ट्यांवरचा हिरवट-पांढरा थर आधीच व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून कोरडा करा, मग नवे अल्कलाइन सेल घाला.

भर उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून, दीड मीटरवरून वर्तमानपत्राचा फोटो घ्या. मथळा वाचता आला तरी पुरे; भिंग सरकत नाही, जवळचं धूसरच येणार. घरातल्या दिव्यात रंगीत ठिपके दिसतील, तो बिघाड नव्हे.

सेल तसेच ठेवून फोटो लगेच यूएसबीने उतरवा. नव्या विंडोजवर जुना ड्रायव्हर सहसा चालत नाही; लिनक्सवर जीफोटो२ हा कॅमेऱ्यातून फोटो उतरवणारा प्रोग्रॅम वापरा. सेन्सर ६४० × ४८० पिक्सेलचा असेल, तर त्याहून मोठी फाइल म्हणजे निव्वळ ताणलेलं चित्र. तिच्यावरून कॅमेरा चांगला ठरवू नका.