कोटीची स्पोर्ट्स कार आणि दहा मिनिटांत घेतलेली पॉलिसी: या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळे, अगदी शहाद्याकडेसुद्धा आता कधीमधी दोन दरवाजांची, रस्त्याला टेकलेली गाडी दिसते आणि पोरं मोबाईल काढून मागं पळतात. गाडी घेणारा माणूस कलरवर महिनोन्महिने विचार करतो, अलॉयचे फोटो गावभर दाखवतो, आणि पॉलिसीची वेळ आली की मोबाईलवर तीन कंपन्यांचे आकडे बघतो, सगळ्यात कमी आकड्यावर बोट दाबतो, झालं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ते तीन आकडे एकाच गोष्टीचे नसतातच. एकात आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) कमी धरलेली असते, दुसऱ्यात झिरो डेप (पार्ट बदलताना घसारा न कापणारं कव्हर) नसतं, तिसऱ्यात टायरचं कव्हर उडवलेलं असतं. आधी तिन्हींत आयडीव्ही आणि अ‍ॅड-ऑन (जास्तीचे पैसे भरून घ्यायची कव्हरं) सारखे करून घ्या भो, आणि मगच किंमत बघा.

थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, भाग तर तुलना करायचाच नाही. तो दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा एकच. २०२२ साली ठरलेल्या दराने १५०० सीसीच्या वरच्या प्रायव्हेट गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. नवीन गाडीला तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदम घ्यावं लागतं. म्हणजे फरक सगळा ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, डोळे तिथं लावा.

आयडीव्ही खाली ओढून पॉलिसीचा हप्ता वाचवणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून जरा थांबून बोलतो. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. तो गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या लिस्टेड किमतीवरून घसारा वजा करून निघतो, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०, आणि पाच वर्षांच्या पुढं तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायचं. आता धरा एक कोटीची गाडी, अडीच वर्षांची, आयडीव्ही ७० लाख. ऑनलाईन तो आकडा खाली सरकवता येतो, तुम्ही ६० वर आणला, हप्ता थोडा उतरला, बरं वाटलं. पण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पार गेलेली, धरतात. ७० वर ती रेषा साडेबावन्न लाखांवर होती, ६० वर ती ४५ लाखांवर आली. बाहेरून येणारे पार्ट, पुढचा सांगाडा, एअरबॅग, हेडलाईट धरले की अशा गाडीचं बिल तिथपर्यंत जायला फार मोठा अपघात लागत नाही. मग गाडीही गेली आणि हातात कमी पैसे. लोन असेल तर आधी बँक घेणार, उरलं तर तुमचं.

आणि आयडीव्हीत रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन येत नाही. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के टॅक्स आहे, एक कोटीवर तेरा लाख झाले, हे पैसे नुसत्या आयडीव्हीत कुठंच नाहीत. त्यासाठी रिटर्न टू इन्व्हॉइस घ्यायचं. पण नाव एकच असलं तरी आतला मजकूर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, कोणी फक्त बिलाची किंमत देतं, कोणी टॅक्स-रजिस्ट्रेशनसकट देतं, म्हणून नाव बघून टिक मारू नका, पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ मागा आणि तेवढा परिच्छेद वाचा.

कार्बन फायबर कशात मोजणार?

हे कोणी विचारतच नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, एअरबॅगवर ५० टक्के कपात, फायबर ग्लासवर ३०, काचेवर काही नाही, बाकी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे. या नेहमीच्या यादीत कार्बन फायबरचं नावच नाही आणि तुमच्या गाडीचा स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची पट्टी), छत, आरशाची टोपी त्याचीच. सर्व्हेअर (विमा कंपनीनं नुकसान मोजायला पाठवलेला माणूस) आणि वर्कशॉप यांच्यात वाद होतो तो इथं. झिरो डेप घेतलं तर हा प्रश्न बराचसा मिटतो, पण तेही वर्षात किती क्लेमपर्यंत चालतं, बऱ्याच ठिकाणी दोनच, आणि गाडी पाच वर्षांची झाल्यावर मिळणार का, हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवर एजंट जे बोलला ते क्लेमच्या दिवशी कोणी ऐकत नाही.

टायरचंही तसंच. नुसता टायर फुटला, फुगा आला, तर साधी पॉलिसी काही देत नाही, गाडीला सोबत डॅमेज असेल तरच देते आणि तेही निम्मं. आपल्याकडं पट्टे न मारलेले स्पीड ब्रेकर किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे, लो प्रोफाईल टायरला टायर कव्हर घ्याच.

पाण्याबाबत एकच सांगतो. रेल्वेखालच्या बोगद्यात पावसाचं पाणी भरलेलं असताना अशी बुटकी गाडी घातली आणि बंद पडली तर सेल मारू नका. इंजिनात पाणी जाऊन रॉड वाकला तर ते साध्या पॉलिसीत बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट लागतं, आणि ते असूनही बंद पडल्यावर पुन्हा स्टार्ट मारला असं दिसलं तर भांडण सुरू होतं. गाडी ढकलून बाहेर काढा, कंपनीला फोन करा.

टोचनचे पैसे कोण देणार

खान्देशातल्या माणसानं पुण्या-मुंबईच्या माणसाची पॉलिसी कॉपी करू नये, त्याचं मोठं कारण हेच. आपल्याकडं या गाड्यांचं वर्कशॉप नाही. जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरच्या वर, धुळ्याहून सव्वातीनशेच्या आसपास, नाहीतर मग इंदूर, सुरत, नाशिक इथं तुमच्या ब्रँडचं काय आहे ते शोधायचं. साध्या पॉलिसीत अपघातानंतर गाडी उचलून न्यायचे जे पैसे धरलेले असतात ते आहेत १,५०० रुपये. दीड हजार! आणि ही गाडी दोर बांधून ओढता येत नाही, पूर्ण पाटावर चढवणारी फ्लॅटबेडच लागते, तीही कमी चढाची, नाहीतर पुढचा बंपर चढवतानाच जातो. म्हणून रोडसाईड असिस्टन्स घेताना चार प्रश्न विचारा. किती किलोमीटरपर्यंत फुकट, जवळच्या कोणत्याही गॅरेजपर्यंत की ब्रँडच्या वर्कशॉपपर्यंत, फ्लॅटबेड नक्की का, आणि रात्री कन्नड घाटात किंवा बिजासन घाटात फोन केला तर गाडी कुठून निघणार. गाडीच्या ब्रँडची स्वतःची असिस्टन्स पण असते, तिची मर्यादा यासोबत ठेवून बघा. टोचनची रक्कम जास्तीचा हप्ता भरून वाढवून मिळते का तेही विचारा. कॅशलेसची (जिथं बिल कंपनी थेट भरते त्या गॅरेजांची) यादी मागताना तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप त्यात आहे का ते बघा, यादीत हजारो गॅरेज असतील, तुमच्या कामाचं एकच असतं.

गाडी कशासाठी वापरली

प्रायव्हेट पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग, पेस मेकिंग चालत नाही, हे छापलेलंच असतं. इंदूरजवळच्या पिथमपूरचा नॅट्रॅक्स ट्रॅक धुळ्यावरून बिजासन घाट चढला की फार लांब नाही, तिथं किंवा कोइंबतूर, ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर गाडी पळवायची असेल तर त्या दिवसाचं कव्हर वेगळं विचारा. बायपासवर मित्रासोबत लावलेली शर्यत आणि तिची रील तर अजिबात नको. पैशाचं सोडा, समोरून ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या माणसाचा जीव आहे.

लग्नसराईत नवरदेवासाठी गाडी मागायला लोक येतात. भाच्याच्या लग्नाला प्रेमानं दिली तर हरकत नाही, चालवणाऱ्याचं लायसन्स चालू असलं पाहिजे. पैसे घेऊन दिली की तो भाड्याचा वापर झाला, क्लेम गेला.

नंबर, जुनी गाडी, मॉडिफिकेशन

चॉईस नंबरची हौस आपल्याकडं दांडगी. नवीन सिरीज उघडेपर्यंत थांबायचं म्हणून टीपी, म्हणजे तात्पुरत्या, नंबरवरच गाडी फिरते आणि टीपीची तारीख निघून जाते. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं सुशीलकुमार गोदारा यांच्या केसमध्ये चोरी गेलेल्या गाडीचा क्लेम याच कारणानं नाकारलेला बरोबर ठरवला, तात्पुरतं रजिस्ट्रेशन संपलं होतं. नंबर मिळायचा तेव्हा मिळू द्या, तोपर्यंत गाडी शेडमध्ये.

मुंबई-दिल्लीहून जुनी गाडी आणणारे पण बरेच आहेत. आधीच्या मालकाची पॉलिसी सोबत आली म्हणून निवांत राहू नका. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, ओन डॅमेज येत नाही, १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. आणि त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याचाच, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुमच्या जुन्या गाडीवर ५० टक्के साठला असेल तर तो इकडे लावून घ्या, मोठ्या गाडीवर ही रक्कम चांगलीच होते. दोन्ही चाव्या ताब्यात घ्या, चोरीच्या क्लेमला दोन्ही मागतात.

एक्झॉस्ट बदलला, ट्यूनिंग केलं, रॅप किंवा पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावलं, तर कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद आली का बघा. लपवून ठेवलेलं वायरिंगचं काम आगीच्या क्लेममध्ये हमखास वर येतं.

गाडी वर्षात थोडीच फिरत असेल तर २०२२ पासून किलोमीटरप्रमाणे हप्त्याचा पर्याय आहे, तो विचारा, पण ठरलेले किलोमीटर संपल्यावर काय होतं ते आधी समजून घ्या.

क्लेम अडकला तर

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्याला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही. पण त्यांची मर्यादा २०२३ पासून ५० लाख आहे, मोठ्या गाडीचा टोटल लॉस तिथं बसणार नाही. मग ग्राहक आयोग, आणि ऐंशी लाखांचा वाद म्हणजे दिल्लीला जावं लागेल असं समजून लोक इथंच सोडून देतात. तसं नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे कोणत्या आयोगात जायचं ते तुम्ही भरलेल्या पैशावरून, म्हणजे हप्त्यावरून ठरतं, आणि तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे जळगावच्या माणसानं जळगावच्या जिल्हा आयोगात, धुळ्याच्या माणसानं धुळ्यात, फक्त दोन वर्षांच्या आत.