पीएच.डी.चा विषय निवडताना: ती अर्धवट सुटू नये म्हणून

पीएच.डी. अर्धवट सुटली की दोष विद्यार्थ्याच्या चिकाटीला दिला जातो; प्रत्यक्षात पुष्कळदा विषय मंजूर झाला त्याच दिवशी ती सुटण्याची तजवीज झालेली असते. म्हणून ‘विषय मला आवडतो का’ याच्या आधी ‘त्याची साधने माझ्या हाती कधी येतील’ हे विचारावे.

बडोद्यातील मराठी घरातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीवर लिहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ‘बडोदा संस्थानातील सक्तीचे प्राथमिक शिक्षण’ हे शीर्षक भारदस्त दिसते, पण त्याला काठ नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात या सक्तीचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये ती संस्थानभर लागू झाली. या मधल्या काळात अमरेलीत पालकांकडून दंड कसा वसूल होत होता, एवढाच प्रश्न घेतला तर तो आवाक्यात येतो. मात्र नोंदणीपूर्वीच अभिलेखागारात काही आठवडे बसून असे कागद खरोखर आहेत का, आपल्याला पाहायला मिळतात का, हे तपासावे. मोडी येत नसेल तर ती आधी शिकावी. घाईने लिहिलेली मोडी छापील बाराखडीच्या भरवशावर वाचता येत नाही. गुजराती कागदांनाही घाबरून चालणार नाही. शिवाय ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आधीचे प्रबंध पाहावेत, आणि त्यांत शीर्षकापेक्षा शेवटचे प्रकरण वाचावे, कारण उरलेले प्रश्न तिथेच सापडतात.

मार्गदर्शकांच्या नावलौकिकाबरोबर त्यांच्या निवृत्तीचे वर्षही विचारावे. विचारायला संकोच वाटतो, पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, यावरून हा प्रश्न किती रास्त आहे ते कळावे. याच नियमांत किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत असून पुढे दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. जेआरएफ व एसआरएफ (कनिष्ठ व वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळून शिष्यवृत्ती मात्र पाच वर्षांची असते. शेवटच्या लेखनाचा खर्च कुठून भागणार, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे.

तरीही सोडावेसे वाटलेच, तर कंटाळा कशाचा आहे ते वेगळे करावे. साधने संपली असतील तर काळ किंवा प्रदेश बदलून विषय वाचवता येतो. मार्गदर्शकांशी पटत नसेल तर ते विभागप्रमुखांपुढे लेखी मांडावे. संशोधनच नकोसे झाले असेल, तर बाहेर पडण्यात कमीपणा नाही, लग्नकार्यात ‘प्रबंध कुठवर आला?’ असे विचारणारे काहीही म्हणोत. सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती मांडावी लागते. लागोपाठ दोन सत्रांत नवे लिखाण दाखवता आले नाही, तर हा निर्णय पुढे न ढकलता तिसऱ्या सत्राची फी भरण्यापूर्वी घ्यावा.