माजी सैनिकाच्या पत्नीची पेन्शन कुठे अडते? या चुका टाळा

हक्क असूनही कुटुंब पेन्शन रखडते आणि कारण निघते नावाचे. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, पासबुकात माहेरचे आडनाव. संगणकाच्या लेखी या तीन वेगळ्या बायका! लग्नाची पार्ट टू ऑर्डर (सैन्याच्या दफ्तरी होणारी अधिकृत नोंद) निघालीच नसेल, तर पीपीओवर पत्नीचे नावच नसते. यासाठी बँकेत खेटे घालू नका, ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिस (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय) करते. मराठा लाइट इन्फंट्रीचे ते बेळगावला आहे, तोफखान्याचे नाशिक रोडला. डिस्चार्ज बुक (सैन्यातून बाहेर पडताना मिळालेले सेवा पुस्तक), पीपीओ, आधार आणि लग्नाचा पुरावा जोडून अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. पती हयात असतानाच हे उरकले तर उत्तम. त्यांच्या सहीने जे होते, त्यासाठी नंतर प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते.

मृत्यू कळवायला उशीर करणे महागात पडते. पतीची पेन्शन खात्यात येत राहते, घरचे एटीएममधून काढत राहतात आणि पुढे तेवढी रक्कम वसूल होते. मृत्यूचा दाखला मिळताच ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर किंवा त्याच्या सेवा केंद्रात नोंद करा. मात्र ग्रामपंचायतीतून निघण्यापूर्वी दाखल्यावरचे नाव डिस्चार्ज बुकाशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा.

हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. पेन्शन ‘स्पर्श’मधून येत असेल, तर जीवन प्रमाण (हयातीचा डिजिटल दाखला) भरताना पेन्शन देणारी संस्था म्हणून बँक निवडू नका, तिथे ‘स्पर्श’च निवडा. इथे चुकले की दाखला निघतो, पण पोहोचतो भलतीकडेच.

‘पेन्शन अचानक कापली’ अशी तक्रार येते, पण ती कपात बऱ्याचदा चूक नसते. निवृत्तीनंतर पतीचे निधन झाले, तर कुटुंब पेन्शनचा वाढीव दर (शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के, पण पतीच्या पेन्शनहून जास्त नाही) ७ वर्षे किंवा पतीला ६७ वर्षे पूर्ण झाली असती तोवर, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंत मिळतो. पुढे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. त्या महिन्याची तारीख आजच काढून ठेवा. युद्धात मृत्यू झाला असेल तर मात्र उदारीकृत कुटुंब पेन्शन लागू होते, ती शेवटच्या वेतनाइतकी असते. मंजुरीपत्रावर नेमका कोणता प्रकार लिहिला आहे, ते वाचल्याशिवाय फाइल बंद करू नका.

पेन्शनच नाही म्हणून काहीच मिळणार नाही, असेही समजू नका. पती हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावर होते आणि पत्नीचे वय ६५ पार असेल, तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडे निर्वाह अनुदानासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यासाठी लागणारे विधवा ओळखपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आधी काढून घ्या.