ग्रहलाघवाच्या पोथ्यांवर काम करताना: नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

गणिताची पदवी हाती होती, संस्कृत शाळेपुरते येत होते आणि मोडी अजिबात येत नव्हती, अशा अवस्थेत मी जुन्या ज्योतिषग्रंथांच्या हस्तलिखितांकडे वळले. सुरुवातीला कोणता ग्रंथ घ्यावा, असे आज कोणी विचारले तर मी गणेश दैवज्ञांचे ‘ग्रहलाघव’ सुचवते. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात, म्हणजे ग्रंथातल्या नंदिग्रामात, शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभशक, म्हणजे गणिताचे सुरुवातीचे वर्ष, धरून रचलेला हा करणग्रंथ (ग्रहगणिताच्या सोप्या रीती देणारा ग्रंथ) पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांच्या रोजच्या वापरात राहिला. त्यामुळे त्याच्या प्रती अनेक ठिकाणी सापडतात आणि त्या वापरून वापरून झिजलेल्या असतात, हे विशेष. ज्या-चापाचे, म्हणजे त्रिकोणमितीचे, किचकट गणित टाळून ग्रहांची स्थाने काढण्याची सोय गणेश दैवज्ञांनी केली असल्याने गणिताची भीती असणाऱ्यालाही तो वाचता येतो.

पोथी मागवण्याआधी छापील आवृत्ती घेऊन अहर्गणाचा, म्हणजे आरंभापासून गेलेले दिवस मोजण्याचा, श्लोक स्वतः सोडवावा, असा माझा आग्रह असतो. त्यात १४४२ हा आकडा ‘द्वि’, ‘अब्धि’ आणि ‘इंद्र’ या शब्दांनी सांगितला आहे: दोन, चार आणि चौदा, उजवीकडून डावीकडे मांडायचे. चालू शकातून १४४२ वजा करून बाकीला ‘ईश’ म्हणजे ११ ने भागले की चक्र मिळते. शके १९४७ साठी ५०५ उरतात, त्यात पूर्ण चक्रे ४५ आणि शेष १० वर्षे. अकरा वर्षांच्या एका चक्राचे दिवस ४०१६ धरलेले असल्यामुळे दिवसांची संख्या कधीच हाताबाहेर जात नाही. ही युक्ती एकदा हाताने करून पाहिली की पोथीतले आकडे निव्वळ आकडे राहत नाहीत. संदर्भासाठी शं. बा. दीक्षितांचे १८९६ साली प्रसिद्ध झालेले ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ मराठीतच आहे. बाहेरच्या अभ्यासकांना ते अनुवादातून वाचावे लागते, आपल्याला लागत नाही.

त्यानंतर सूची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतल्या सरकारी संग्रहाच्या क्रमांकात पोथी मिळाल्याचे वर्षही असते, आणि नवखे लोक ते वर्ष पोथीच्या लेखनाचे समजून बसतात. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, रा. गो. भांडारकर अशा मंडळींनी मुंबई सरकारसाठी एकोणिसाव्या शतकात या पोथ्या मिळवल्या आणि आधी डेक्कन कॉलेजात असलेला हा संग्रह नंतर भांडारकर संस्थेकडे आला. क्रमांकातल्या वर्षावरून त्या वर्षीचा छापील अहवाल शोधता येतो आणि पोथी साधारण कोणत्या भागातून आली असेल याचा माग लागतो. भारताबाहेरच्या संग्रहांसह एकत्र शोध घ्यायचा तर डेव्हिड पिंग्री यांनी १९७० ते १९९४ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केलेली ज्योतिष-गणित ग्रंथांची सूची लागतेच.

पोथी प्रत्यक्ष हातात येते तेव्हा पहिला दिवस एकही अक्षर उतरवून न घेता घालवावा. पत्रे मोजावीत, कोणते पत्र नाही ते टिपावे, समासात काय आहे ते पाहावे. लेखनिकाने चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावलेला दिसतो, आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार कुठून आला ते तेव्हा डोळ्यांना कळते. गाळलेले अक्षर हंसपादाची खूण करून समासात लिहिलेले असते. जुन्या प्रतींत पृष्ठमात्रा असते, म्हणजे ‘के’ची मात्रा ‘क’च्या डोक्यावर नसून त्याच्या डावीकडे उभी असते, आणि सवय होईपर्यंत ती मागच्या अक्षराचा काना म्हणून वाचली जाते. ‘च’ आणि ‘व’, ‘प’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘ख’ या जोड्यांचा एक तक्ता मी टेबलावर ठेवत असे. महाराष्ट्रातल्या प्रतीच्या कडेला मोडीत एखादी ओळ भेटली तर ती सोडू नये; पोथी कोणाच्या घरात होती हे पुष्कळदा तिथेच कळते. एका ग्रंथालयाने मला स्कॅन दिले ते ‘नीटनेटके’ करून, म्हणजे समास कापून. मजकूर सगळा होता, वाचणाऱ्याच्या खुणा सगळ्या गेल्या होत्या. तेव्हापासून छायाचित्रे मागताना पत्राच्या चारही कडा, कोरी पाठ आणि शेजारी ठेवलेली मोजपट्टी दिसली पाहिजे, असे मी अर्जातच लिहिते.

आता माझ्या मोठ्या चुकीविषयी. ग्रहलाघवात मंगळाचे शीघ्रांक, म्हणजे त्याच्या स्थानात करायच्या दुरुस्तीचे आकडे, दर १५ अंशांना एक असे दिले आहेत आणि ते अंशांच्या दहापटीत आहेत: ५८, ११७, १७४, २२८, २७९, ३२५, ३६५, ३९३, ४००, ३६८, २४९ आणि शेवटी शून्य. मी एका सटीक, म्हणजे मुळासोबत टीका (स्पष्टीकरण) असलेल्या, प्रतीतले हे अंक स्प्रेडशीटमध्ये भरत होते, तेव्हा २७९ च्या जागी २९७ दिसले. लगतच्या अंकांतली अंतरे ५४, ५१, ४६ अशी हळूहळू उतरायला हवीत. २९७ घेतले तर ती ५४, ६९, २८ होतात, म्हणजे लेखनिकाने अंक उलटे लिहिले हे उघड होते. मी तो सरळ करून टाकला आणि पुढे गेले. काही महिन्यांनी दुसऱ्या गावच्या एका प्रतीत तेच २९७ पुन्हा भेटले. दोन लेखनिकांनी एकाच जागी एकच चूक स्वतंत्रपणे करणे अवघड, त्यामुळे एक प्रत दुसरीवरून किंवा दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या असणार, असा तो धागा होता. पण पहिल्या प्रतीतल्या इतर किती चुका मी अशाच गुपचूप दुरुस्त केल्या होत्या, हे मला सांगता येईना. चाळीस पत्रे पुन्हा वाचावी लागली.

म्हणून आता प्रत्येक अंकासाठी दोन रकाने ठेवते: पोथीत आहे तसा आणि माझ्या मते असायला हवा तसा. संगणकावर मजकुराला खुणा घालण्याच्या टीईआय या सांकेतिक पद्धतीत हीच सोय अधिक शिस्तीने करता येते, आणि मजकूर लांब असेल तर ती शिकून घ्यावीच. गणकयंत्राने अंक पुन्हा काढून ताडून पाहणे हे आपल्या विषयाचे मोठे बळ आहे, काव्याच्या अभ्यासकाला ते मिळत नाही. पण आजच्या त्रिकोणमितीने आलेले उत्तर हा ग्रंथकाराचा पाठ नव्हे. मंगळाची कमाल ४०० म्हणजे ४० अंश ही ग्रंथकाराने सोयीसाठी पूर्णांकात घेतलेली किंमत आहे आणि तिला दशांश चिकटवण्याचा अधिकार संपादकाला नाही.

शकांच्या बाबतीतही असाच घोळ होतो. ग्रंथाचा आरंभशक, टीकेतल्या सोडवलेल्या उदाहरणाचा शक आणि लेखनिकाने पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत, घातलेला शक, हे तिन्ही वेगळे असतात. गोदाकाठच्या गोळग्रामातून काशीला गेलेल्या घराण्यातल्या मल्लारी आणि विश्वनाथ या भावांच्या टीका ग्रहलाघवावर आहेत. विश्वनाथांची टीका उदाहरणांसाठी प्रसिद्ध आहे आणि उदाहरणातला शक पोथीचा म्हणून लावला जाण्याचा धोका तिथेच जास्त. शिवाय लेखनिक कधी समोरच्या प्रतीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवतो. मला एका पुष्पिकेत शके १६१५ वाचायचे की १६९५ हे ठरवता येत नव्हते, कारण त्या हातचे १ आणि ९ जवळजवळ सारखे होते. पुढे ‘विजय’ संवत्सर लिहिले होते. आपल्याकडच्या रीतीने शकात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी संवत्सराचा क्रम देते: १६१५ ला सातवा श्रीमुख येतो, १६९५ ला सत्ताविसावा विजय. प्रश्न पाच मिनिटांत सुटला. प्रत काशीकडची असती तर मात्र हा हिशेब लागू झाला नसता, कारण उत्तरेकडे संवत्सरांची गणना वेगळी चालते. अशा वेळी तिथी आणि वार जुळवून पाहावे लागतात.

हस्ताक्षर ओळखणाऱ्या प्रणालींविषयी हल्ली पहिला प्रश्न येतो. ई-स्क्रिप्टोरियम किंवा ट्रान्सक्रिबससारख्या साधनाला एकाच हातची पुरेशी पत्रे स्वतः वाचून शिकवली की श्लोकांचा मजकूर कामापुरता मिळतो. कोष्टकांत मात्र माझा अनुभव निराशेचा आहे: श्लोकातला चुकलेला शब्द वृत्तभंगामुळे खटकतो, आकड्याला वृत्त नसते. कोष्टके मी अजून हातानेच भरते, एकदा डावीकडून उजवीकडे आणि दुसऱ्या दिवशी वरून खाली.

नोकऱ्यांचे चित्र फारसे उजळ नाही, ते लपवण्यात अर्थ नाही. सूचीकरणाचे आणि डिजिटायझेशनचे काम बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरते असते, आणि माझी पहिली तीन वर्षे शिकवण्या घेऊनच निघाली. पण संस्कृत, मोडी आणि थोडे प्रोग्रॅमिंग एकाच माणसाला येत असेल तर त्याला बोलावणे येते, कारण अशी माणसे फार थोडी आहेत. यांतले मोडी सर्वांत लवकर येते. पुण्या-मुंबईत आणि इतरत्रही तिचे वर्ग चालतात. तेवढे शिकून आपल्या गावच्या जोशीबुवांच्या घरी जुन्या पंचांगाचे किंवा ग्रहलाघवाचे बाड आहे का, ते विचारायला जावे. जाताना हातात पेन नको, पेन्सिल असावी.