अमेरिकेतील घर पूरक्षेत्राच्या नकाशातून वगळून घेताना

न्यू जर्सी किंवा ह्यूस्टनच्या परिसरात मॉर्गेजवर घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना कधी कधी बँकेचे पत्र येते की आपले घर पूरक्षेत्रात मोडत असल्याने पूरविमा सक्तीचा आहे. ‘फेमा’ या अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या नकाशावर ज्या झोनचे नाव ए किंवा व्ही या अक्षराने सुरू होते, तेथे दर वर्षी पुराची शक्यता किमान 1 टक्का, म्हणजे 30 वर्षांच्या कर्जकाळात सुमारे 26 टक्के धरलेली असते. मात्र हे नकाशे प्रत्येक प्लॉट मोजून काढलेले नसल्यामुळे उंचवट्यावरचे एखादे घरही त्या रेषेच्या आत सापडते. अशा घरासाठी ‘लेटर ऑफ मॅप अमेंडमेंट’, म्हणजेच ‘लोमा’ (घर पूरक्षेत्राबाहेर असल्याचे फेमाचे पत्र), मागता येते.

सर्वप्रथम फेमाच्या मॅप सर्व्हिस सेंटरवरून आपल्या पत्त्याचा नकाशा उतरवून घ्यावा आणि पूरक्षेत्र म्हणून रंगवलेल्या पट्ट्यात प्रत्यक्ष इमारत येते की केवळ परसदार, हे पाहावे. इमारत स्पष्टपणे पट्ट्याबाहेर दिसत असेल, तर उंचीची मोजणी न करताही तसा निर्णय मिळू शकतो.

इमारत पट्ट्यात असेल, तर सारे काही एकाच आकड्यावर ठरते. घराच्या भिंतीला टेकलेल्या जमिनीचा सर्वांत खालचा बिंदू हा ‘बेस फ्लड एलेव्हेशन’ या पुराच्या गृहीत पातळीइतका किंवा तिच्याहून उंच असावा लागतो. येथे पुष्कळांची गफलत होते, कारण घराच्या जोत्याची उंची यात विचारात घेतली जात नाही. उलट घराला जोडलेल्या डेकचे खांब जेथे जमिनीत रोवले आहेत ती जागा, किंवा बेसमेंटमधून थेट अंगणात उघडणाऱ्या दाराबाहेरची जमीन, हीच बहुधा सर्वांत खालची ठरते. ही मोजणी परवानाधारक लँड सर्व्हेअरने किंवा नोंदणीकृत इंजिनिअरने प्रमाणित करावी लागते. त्याची फी हाच या कामातला मोठा खर्च असल्यामुळे त्याला बोलावण्यापूर्वी आधीच्या मालकाकडे आणि गावाच्या फ्लडप्लेन (पूरक्षेत्र) अधिकाऱ्याकडे घराचे जुने ‘एलेव्हेशन सर्टिफिकेट’, म्हणजे उंचीचा दाखला, आहे का, याची चौकशी अवश्य करावी. जुन्या कागदावरील आकडे उंची मोजण्याच्या 1929 च्या आधारपातळीवर आणि नकाशा 1988 च्या आधारपातळीवर असेल, तर रूपांतर केल्याशिवाय त्यांची तुलना करू नये.

एका घरासाठीचा अर्ज ऑनलाइन किंवा ‘एमटी-ईझेड’ या फॉर्मवर करता येतो. त्यासोबत नोंदणीकृत प्लॅट (जमिनीच्या आखणीचा नकाशा) किंवा डीड (मालकीचा दस्तऐवज), नकाशाची प्रत आणि उंचीचा दाखला जोडावा. लोमासाठी फेमा शुल्क घेत नाही आणि सर्व माहिती पोहोचल्यापासून साधारण 60 दिवसांत निर्णय देते. भराव घालून जमीन उंच केली असेल, तर मात्र वेगळा अर्ज, शुल्क आणि स्थानिक प्रशासनाची संमती लागते.

मंजुरीचे पत्र मिळाल्यावर ते स्वतः बँकेकडे पाठवून विम्याची सक्ती लेखी मागे घेण्याची विनंती करावी. बँक स्वतःच्या अधिकारात ती अट कायम ठेवू शकते. तिने अट काढली, तर चालू वर्षाचा हप्ता परत मिळण्यासाठी विमा एजंटकडे अर्ज करता येतो.

माझे स्पष्ट मत असे की, सक्ती उठली तरी पॉलिसी लगेच रद्द करू नये. 2017 मध्ये हार्वे वादळात ह्यूस्टनची असंख्य घरे या पट्ट्याबाहेर असूनही बुडाली. शिवाय नैसर्गिक जमिनीवरील घराला लोमा देताना बेसमेंटच्या तळाची पातळी तपासली जात नाही, त्यामुळे मंजुरी मिळालेल्या घरातही तेथे पाणी शिरू शकते. 2021 च्या ऑक्टोबरपासून लागू होत गेलेल्या नव्या दरपद्धतीत हप्ता झोनवरून ठरत नाही. म्हणून सक्ती नसताना तो किती येतो, हे एजंटला विचारूनच निर्णय घ्यावा. तसेच गावाचा नकाशा पुन्हा नव्याने निघाला, तर आपले पत्र त्यात कायम राहिले आहे का, हे फ्लडप्लेन अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावे.