एसईलिनक्स: नवीन फाइलला लेबल येतं कुठून?

एसईलिनक्स म्हणजे लिनक्समधली एक जादा सुरक्षा यंत्रणा. ती प्रत्येक फाइलवर एक लेबल ठेवते आणि त्यावरून कुठल्या प्रोसेसला ती फाइल वापरू द्यायची ते ठरवते.

लिनक्स अ‍ॅडमिन म्हणून पहिली नोकरी लागून जेमतेम महिना झाला होता. वेबसाइटचं एक पान मी रूटच्या (मुख्य अकाउंटच्या) होम फोल्डरमध्ये बनवलं, एमव्ही (फाइल हलवायची कमांड) करून वेब फोल्डरमध्ये टाकलं आणि ब्राउझरमध्ये थेट ४०३ फॉरबिडन, म्हणजे परवानगी नाही. परमिशन ६४४, ओनर बरोबर, सर्व्हिस रीस्टार्ट करून झाली, दोन तास गेले तरी पान काही उघडेना. शेवटी टीममधल्या सीनियर दादांनी एलएस (फाइलींची यादी देणारी कमांड) मोठा झेड लावून चालवली आणि लेबलं दाखवली, बाकी सगळ्या फाइल्सवर एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी आणि माझ्या फाइलवर अ‍ॅडमिन_होम_टी.

नवीन शिकणाऱ्यांनी इथे जरा थांबा, कारण आम्ही सगळेच समजतो की लेबल पाथवरून, म्हणजे फाइल कुठे ठेवलीय त्या पत्त्यावरून, ठरतं. तसं नाहीये. फाइल तयार होते त्याच वेळी कर्नल तिला लेबल देतो. ती कुठली प्रोसेस बनवतेय आणि कुठल्या फोल्डरमध्ये, याच्यासाठी पॉलिसीत (एसईलिनक्सच्या नियमावलीत) टाइप ट्रान्झिशनचा, म्हणजे फोल्डरपेक्षा वेगळा टाइप (लेबलमधला _टी ने संपणारा भाग) द्यायचा नियम असला तर तो लागतो, नसला तर फोल्डरचाच टाइप फाइलला मिळतो. एकाच फाइलसिस्टिममध्ये एमव्हीत नवी फाइल बनतच नाही, जुनं लेबल तसंच राहतं. सीपीत (कॉपी करायच्या कमांडमध्ये) नवी बनते म्हणून ती तिथल्या फोल्डरचं लेबल घेते, पण सीपीला मायनस ए लावलंत तर जुनं लेबल परत सोबत येतं!

ट्रान्झिशन कशाला लागतं ते पासवर्ड बदलताना बघा. पासडब्ल्यूडी कमांड ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये नवी फाइल लिहिते आणि मग तिला शॅडो नाव देते. फोल्डरचाच टाइप लागला असता तर पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) साध्या ईटीसी_टी लेबलखाली आले असते, म्हणून नियमाने तिला शॅडो_टी मिळतं. २०११ च्या २.६.३९ कर्नलपासून तर फाइलच्या नावावरूनही असा नियम लिहिता येतो.

कुठल्या पाथला कुठलं लेबल हवं याचं रजिस्टर वेगळं असतं, ते रिस्टोरकॉन ही कमांड वाचते आणि फाइलला तसं लेबल लावते. माझं पान तिनेच एका सेकंदात सुरू झालं. स्वतःचं वेगळं फोल्डर असेल तर आधी सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट या कमांडने त्या रजिस्टरमध्ये नोंद करा आणि मग रिस्टोरकॉन चालवा, नुसत्या नोंदीने डिस्कवर काहीच बदलत नाही. थेट फाइलवर लेबल बदलणाऱ्या सीएचकॉनवर विसंबू नका, पुढच्या रीलेबलला (रजिस्टरप्रमाणे लेबलं परत लावताना) ते पुसलं जातं.

आणि वैतागून एसईलिनक्स डिसेबल करू नका, तपासायचंच असेल तर थोडा वेळ परमिसिव्ह करा (त्यात एसईलिनक्स अडवत नाही, फक्त नोंद ठेवतं), त्यात नव्या फाइल्सना लेबल लागत राहतं. डिसेबलमध्ये बनलेल्या फाइल्स बिनलेबलच्या राहतात आणि परत चालू करताना अख्खी डिस्क रीलेबल करावी लागते.